नीटची तयारी आणि बर्नआउट: वेळेचे नियोजन कसे करावे आणि डॉक्टरांना कधी दाखवावे

"डॉक्टर, हिला एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या. वाचलेलं लक्षातच राहत नाही म्हणते."

डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत हे वाक्य माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला ऐकू येते. बोलणारे बहुतेक वेळा वडील असतात. शेजारी बसलेली मुलगी किंवा मुलगा खाली बघत असतो. टॉनिक लिहून देणे सोपे असते, पण त्याने प्रश्न सुटत नाही.

अशीच एक सतरा वर्षांची मुलगी आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तिची सराव परीक्षेतली गुणसंख्या दोन महिन्यांत ५२० वरून ४५० वर आली होती. मार्क कमी झाले म्हणून तिने झोप कमी केली. झोप कमी झाली तसे मार्क आणखी घसरले, म्हणून तिने झोप अजून कमी केली. मला दाखवायला आली तेव्हा ती रात्री साडेचार तास झोपत होती, दिवसातून पाच वेळा चहा पीत होती आणि मेसचे रात्रीचे जेवण बहुतेक वेळा टाळत होती. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, पण ते तिने घरी सांगितले नव्हते. हिमोग्लोबिन ८.४ निघाले.

घरच्यांना वाटत होते की मुलगी अभ्यासात कमी पडते आहे. प्रत्यक्षात तिच्या शरीरात रक्त कमी होते आणि मेंदूला विश्रांती नव्हती. हा लेख अशा मुलांसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी आहे.

नीटचा ताण इतका का येतो?

नीट-यूजी ही देशभर एकाच वेळी होणारी परीक्षा आहे. २०२५ पासून तिचे स्वरूप असे आहे: १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो.

२०२४ साली ही परीक्षा २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखापेक्षा जास्त आहेत, पण त्यांत सरकारी महाविद्यालयांचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या बहुसंख्य मुलांना एमबीबीएसची जागा मिळणार नाही, हे परीक्षेच्या आधीच ठरलेले असते. हा जागांचा हिशोब आहे. त्यावरून कोणत्याही मुलाची लायकी ठरत नाही. आई-बाबांनी हा हिशोब मनात पक्का धरावा. ताणाचे अर्धे ओझे तो नीट न समजल्यामुळे येते.

त्यात अनेक मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडून लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा थेट कोट्याला जातात. नवे गाव, मेसचे जेवण, दर आठवड्याला टेस्ट आणि भिंतीवर लागणारी क्रमवारी. घरच्यांनी भरलेल्या फीचा आकडाही मुलाच्या डोक्यात सतत असतो, त्याने तो बोलून दाखवला नाही तरी.

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटचा उल्लेख केला आहे, पण आजार म्हणून नाही. दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला कामाचा ताण, असे त्याचे वर्णन आहे. ती व्याख्या नोकरी-धंद्यापुरती आहे. मात्र विद्यार्थ्यांमध्येही तीच तीन लक्षणे दिसतात आणि त्यावर बरेच संशोधन झाले आहे. ती लक्षणे अशी:

- शक्ती संपल्यासारखे वाटणे. सकाळी उठतानाच थकवा. रविवारी आराम करूनही तो जात नाही.
- अभ्यासाबद्दल तुसडेपणा. "काय उपयोग आहे", "काहीही वाचा, सारखंच" असे बोलणे. पूर्वी आवडणारा विषयही नकोसा होणे.
- आपल्याला काही जमत नाही असे वाटणे. तासन् तास पुस्तक उघडे असते, पान पुढे सरकत नाही.

साधा थकवा आणि बर्नआउट यांतला फरक ओळखायला सोपा आहे. साधा थकवा एक-दोन रात्रींची चांगली झोप आणि एक दिवसाची सुट्टी मिळाली की उतरतो. बर्नआउट उतरत नाही. नैराश्य याच्याही पुढचे असते. त्यात अभ्यासच नाही, तर जेवण, मित्र, क्रिकेट, सिनेमा अशा सगळ्यातला रस जातो आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकते. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आधी शरीर तपासा

मी स्वतः एकदा इथे चुकलो आहे, म्हणून हे आधी लिहितो. एक मुलगा पोटात जळजळ होते म्हणून महिनाभरात तीनदा आला. तिन्ही वेळा मी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. चौथ्या वेळी "झोप कशी आहे रे?" एवढे विचारले आणि तो रडायला लागला. तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

मुले "मला ताण आला आहे" असे म्हणत दवाखान्यात येत नाहीत. डोकेदुखी, ॲसिडिटी, वारंवार शौचाला लागणे, छातीत धडधड, केस गळणे, पाळी पुढे-मागे होणे, अशा तक्रारी घेऊन येतात. यांतल्या काही ताणामुळे असतात, तर काहींच्या मागे खरा आजार असतो. म्हणून थकवा तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर "टेन्शन आहे" म्हणून सोडून देऊ नका. पुढील गोष्टी पाहणे गरजेचे असते:

- हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलींचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर कारण शोधून उपचार करावे लागतात.
- व्हिटॅमिन बी १२. पूर्ण शाकाहारी आणि दूध-दही कमी घेणाऱ्या मुलांमध्ये याची कमतरता वारंवार सापडते. थकवा, हातापायांना मुंग्या आणि विसरभोळेपणा ही लक्षणे असू शकतात.
- थायरॉइड. वजन वाढणे, थंडी जास्त वाजणे, पाळीत बदल किंवा सुस्ती असल्यास.
- रक्तातील साखर. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन झपाट्याने कमी होणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी तपासा. या वयातला मधुमेह झटकन गंभीर होऊ शकतो.
- क्षयरोग. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे. वसतिगृहात एका खोलीत चार-पाच मुले राहत असतील तर हे विसरू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत.
- डोळे. दुपारनंतर दुखणाऱ्या डोक्याचे कारण पुष्कळदा चष्म्याचा नंबर असतो.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर त्या चहा-कॉफीसोबत घेऊ नका. मध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवा. लिंबूपाण्यासोबत घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारले तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा. शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

झोप हाही अभ्यासाचाच भाग आहे

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. अठरानंतर किमान ७ तास. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. झोप कापली की वाचन होते, पण ते टिकत नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. त्यांना स्वतःला मात्र हे फारसे जाणवत नव्हते. "मला चार तास पुरतात, सवय झाली आहे" असे मुलगा सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला ते कळतच नसते.

पहाटे चार वाजता उठून अभ्यास करावा, असा आपल्याकडे आग्रह असतो. रात्री आठ-साडेआठला झोपणाऱ्या मुलाने पहाटे उठायला काहीच हरकत नाही. पण या वयात झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. त्यामुळे मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवणे म्हणजे त्याची निम्मी झोप काढून घेणे आहे. कोण किती वाजता उठते यापेक्षा एकूण तास आणि रोजची ठरलेली वेळ महत्त्वाची.

चहा-कॉफीबद्दलही एक हिशोब सांगतो. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. म्हणून दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. एनर्जी ड्रिंक अजिबात नको. जागे राहण्यासाठी किंवा "एकाग्रतेसाठी" मित्राने दिलेल्या गोळ्या तर कधीच नकोत. ही औषधे ठरावीक आजारांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. त्यांनी छातीत धडधड, भीती आणि निद्रानाश वाढू शकतो.

१६८ तासांचा हिशोब

"रोज १४ तास अभ्यास" हे वाक्य मुलांच्या तोंडी असते. गणित करून पाहू. क्लास धरून १४ तास, अंघोळ-जेवणाला ३ तास आणि प्रवासाला १ तास मिळून १८ तास झाले. उरले ६. म्हणजे एक मिनिटही विश्रांती न घेता झोप फक्त सहा तास. हे महिनाभर जमेल, वर्षभर नाही.

दिवसाऐवजी आठवड्याचा हिशोब करा. आठवड्यात १६८ तास असतात.

- झोप: रोज ८ तास, एकूण ५६
- कॉलेज आणि क्लास: सहा दिवस, रोज ६ तास, एकूण ३६
- प्रवास: सहा दिवस, रोज १ तास, एकूण ६
- अंघोळ, जेवण, कपडे वगैरे: रोज ३ तास, एकूण २१
- चालणे, खेळ किंवा व्यायाम: रोज पाऊण तास, एकूण सुमारे ५
- घरच्यांशी बोलणे, फोन, नुसते बसणे: रोज १ तास, एकूण ७
- आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टी: ५

बेरीज १३६ झाली. उरले ३२ तास. सहा दिवस रोज पाच तास आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास एवढा स्वतःचा अभ्यास यात बसतो. क्लास धरून आठवड्याला ६८ तास होतात. कोणत्याही वयाच्या माणसासाठी हे भरपूर काम आहे.

तुमचे आकडे वेगळे असतील. गावाहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाचा प्रवासच रोज अडीच तास असू शकतो. तुमचा हिशोब कागदावर मांडा. फक्त झोपेची ओळ सगळ्यात आधी लिहा आणि तिला हात लावू नका.

तासांपेक्षा पद्धत बदला

वेळ वाढवता येत नसेल तर त्याच वेळेतून जास्त कसे मिळवायचे, याची काही साधने आहेत.

१. पुन्हा वाचण्याऐवजी आठवून पाहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना जास्त आठवते. एनसीईआरटीचा धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. जे सुटले तेवढेच पुन्हा वाचा.

२. उजळणीला अंतर ठेवा. आज शिकलेले उद्या, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. एका रविवारी पाच तास रेटण्यापेक्षा हे जास्त टिकते.

३. ४५ ते ५० मिनिटांनी थांबा. पाच-दहा मिनिटे उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर लांब पाहा. या मध्यांतरात फोन घेऊ नका. पाच मिनिटांचे रील्स पाऊण तासावर जातात, हे तुम्हालाही माहीत आहे.

४. चुकांची वही ठेवा. प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकलेल्या प्रश्नासमोर एक शब्द लिहा: "माहीत नव्हते", "घाई", "गणित चुकले" किंवा "प्रश्न वाचला नाही". महिन्याने पाहिलेत तर आपले मार्क कुठे गळतात ते दिसते. "घाई" आणि "प्रश्न वाचला नाही" हे शब्द वाढत असतील तर आधी झोप तपासा.

५. परीक्षेच्या वेळेत सराव करा. नीट दुपारी २ ते ५ या वेळेत होते. जेवणानंतरची हीच वेळ शरीर सुस्तावण्याची असते. रात्री जागणारी मुले नेमकी याच वेळी झोपतात. शेवटचे सहा-आठ आठवडे पूर्ण सराव परीक्षा दुपारी २ वाजताच द्या. त्या दिवशी जेवण हलके ठेवा आणि मोबाइल खोलीबाहेर ठेवा.

६. रोजच्या यादीत तीनच मुख्य कामे लिहा. दहा लिहून चार केली तर रात्री हरल्यासारखे वाटते. तीन लिहून तीन केली तर झोप लागते.

जेवण आणि हालचाल

मेसचे जेवण आवडत नाही म्हणून मुले बिस्किटे आणि नूडल्सवर दिवस काढतात. हॉस्टेलवर ठेवता येण्यासारख्या गोष्टी घरून द्या: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर. मोड आलेली मटकी किंवा मूग वर लिंबू पिळून खा. शक्य असेल त्याने अंडी, इतरांनी दूध-दही रोज घ्यावे. सकाळचे पोहे किंवा भाकरी चुकवून क्लासला जाऊ नका. अकरा वाजता येणारी चक्कर आणि चिडचिड अनेकदा त्यामुळेच असते.

रोज तीस ते पंचेचाळीस मिनिटे बाहेर उजेडात चाला. त्याने झोप सुधारते, मन हलके होते आणि डोळ्यांनाही विश्रांती मिळते. अभ्यासिकेतून घरी येताना एक वळसा जास्त घातला तरी चालेल.

घरच्यांसाठी

- संध्याकाळच्या फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. "जेवलास का? झोप झाली का? आज कोण भेटलं?" इथून सुरुवात करा. मार्क मुले आपणहून सांगतात, फक्त त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो.
- "तुझ्यासाठी शेत गहाण ठेवलंय", "शेजाऱ्यांच्या मुलाला बघ" ही वाक्ये प्रेमापोटी येतात, हे मला कळते. पण मूल त्यांचा अर्थ "मी नापास झालो तर घर बुडेल" असा लावते.
- दुसरी वाट आधीच, शांतपणे, मुलासोबत बसून ठरवा. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात. बी. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट आहे. दुसरी वाट माहीत असलेले मूल पहिल्या वाटेवर जास्त निर्धास्तपणे चालते.
- रिपीट करायचे की नाही, हे निकालाच्या रात्री ठरवू नका. दोन आठवडे जाऊ द्या. मुलाला खरेच पुन्हा बसायचे आहे, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते हो म्हणते आहे, हे एकट्याला विचारा. नीटला सध्या वयाची वरची मर्यादा नाही. त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.
- क्लास निवडताना नियम माहीत असू द्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग क्लासने सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग घेऊ नयेत, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये. क्लासमध्ये जाऊन हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काहीही असेल तर जवळच्या डॉक्टरांना येत्या दोन-चार दिवसांत भेटा:

- तीन-चार आठवड्यांहून जास्त थकवा, वजनात लक्षणीय बदल, वारंवार चक्कर
- दोन आठवड्यांहून जास्त उदासपणा, रडू येणे किंवा कशातच रस नसणे
- झोप न लागणे, किंवा दिवसभर झोपूनही उठावेसे न वाटणे
- अचानक छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणे, विशेषतः टेस्टच्या आधी
- स्वतःला इजा करणे, सिगारेट, दारू किंवा गोळ्यांची सवय

पुढील गोष्टी दिसल्यास वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या:

- "मी नसतो तर बरं झालं असतं", "आता तुम्हाला त्रास देणार नाही" असे बोलणे
- आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे मेसेज पाठवणे
- बरेच दिवस अस्वस्थ असलेले मूल कारण नसताना एकदम शांत होणे

अशा वेळी मुलाला एकटे सोडू नका. घरातली औषधे आणि शेतीची रसायने कुलपात ठेवा. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असे सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मूल हो म्हणाले तर रागावू नका, रडून शपथा घालू नका. ऐका आणि लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. मूल स्वतः फोन करू शकते, तुम्हीही करू शकता. तातडीच्या प्रसंगी ११२.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मानसोपचार तज्ज्ञाकडे गेल्याने पुढे मेडिकलच्या प्रवेशात अडचण येते का?
नाही. उपचार घेतल्याची माहिती डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय कॉलेजला देत नाहीत. नीटच्या गुणांशी तिचा काही संबंध नाही.

नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?
नैराश्यासाठी सहसा दिल्या जाणाऱ्या औषधांचे व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे किंवा थोडा जास्त वेळ लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष द्या, बेचैनी वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळ्या मनाने बंद करू नका, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

स्मरणशक्तीचे टॉनिक द्यावे का?
निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवणारे सिद्ध झालेले टॉनिक नाही. तपासणीत लोह किंवा बी १२ कमी निघाले तर तेवढेच औषध पुरते.

परीक्षा महिन्यावर आली आहे. आता झोप वाढवून उशीर नाही का झाला?
नाही. एक-दोन आठवड्यांच्या पुरेशा झोपेनेही लक्ष आणि चुका यांत फरक पडतो. नवे धडे सोडा, पण झोप सोडू नका.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि वरचा १६८ तासांचा हिशोब तिच्याकडूनच मांडून घेतला. झोप साडेसात तासांवर आणायला तिला तीन आठवडे लागले. वडिलांना ते पटत नव्हते. "डॉक्टर, बाकीची पोरं जागतात आणि ही झोपणार?" असे ते दोनदा म्हणाले. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.६ झाले. सराव परीक्षेतले मार्क आधी ५२० वर परत आले, मग थोडे वर गेले.

त्या वर्षी तिला एमबीबीएसची जागा मिळाली नाही. ती आज बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत गावी आली की वडिलांचा बीपी तपासायला त्यांना घेऊन येते. मागच्या वेळी वडीलच म्हणाले, "त्या वर्षी टॉनिक लिहून दिलं असतंत तर मी खूश होऊन गेलो असतो."

तुमच्या घरात नीटची तयारी चालू असेल तर आज रात्री एवढेच करा. मुलाला गेल्या सात रात्री किती वाजता झोपला आणि किती वाजता उठला, हे कागदावर लिहायला सांगा. सरासरी सात तासांपेक्षा कमी आली तर उद्याच्या वेळापत्रकातला पहिला बदल तोच. आणि गेल्या सहा महिन्यांत हिमोग्लोबिन तपासले नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)